कोमट चक्का

पंडरीतल्या आमच्या घरी केक भाजण्याची भट्टी नाही. असती तरी रायपूरच्या मे महिन्यात ती कोणी पेटवली नसती. त्यामुळे नातीने न भाजता होणाऱ्या जपानी चीजकेकचा हट्ट धरला, तेव्हा नकाराला सबब उरली नाही. जपानी लोक त्याला ‘रेआ’ म्हणतात. अर्धकच्च्या मांसाला लावला जाणारा ‘रेअर’ हा इंग्रजी शब्द त्यांनी आपल्या जिभेला वळवून घेतला आहे. म्हणजे हा पदार्थ नावापासूनच रूपांतरित.

त्यात क्रीम चीज, दही, लिंबू आणि जिलेटिन असते. जिलेटिन प्राण्यांच्या हाडाकातड्याचे, आमच्याकडे न चालणारे. आम्ही किलोभर दह्याचा चक्का बांधला आणि ५ ग्रॅम चायना ग्रास आणले. समुद्रशेवाळाचा हा पदार्थ जपानात सतराव्या शतकापासून ‘कांतेन’ या नावाने वापरात आहे. मुळापासून दूर जाण्याच्या भीतीने केलेला बदल आम्हाला जपानच्या अधिकच जवळ घेऊन गेला.

पहिला प्रयत्न फसला. उकळून विरघळवलेले चायना ग्रास फ्रीजमधल्या गार चक्क्यात ओतताच त्याच्या कण्या झाल्या. ते चाळीस अंशांच्या आसपासच गोठू लागते. दुसऱ्या वेळी चक्का बाहेर ठेवून कोमट होऊ दिला, त्यातले दोन चमचे आधी गरम द्रावणात घोटले आणि मग उरलेला मिसळला. बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून केलेल्या थरावर ते मिश्रण नीट बसले.

घोटताना एक जुना शेरा आठवला. ‘छत्तीसगढ मित्र’ १९०० साली पेंड्र्याहून काढणारे, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे १९२६ मध्ये याच शहरात निवर्तले. त्यांचे अनुवादकार्य मी वर्गात गौरवाने शिकवीत असे. मात्र एका विद्यार्थिनीने छत्तीसगढी लोककथा मराठीत आणल्या, तेव्हा समासात मी लिहिले, ‘मूळ हरवले आहे.’ तिने पुन्हा अनुवाद केला नाही. तिच्या वाक्यांत कण्या मला दिसल्या होत्या. त्या गार चक्क्यामुळे झाल्या असतील, असे तेव्हा सुचले नाही. तो चक्का म्हणजे माझे वाचन होते.

केकची वडी सुरीने स्वच्छ कापली गेली. जिलेटिनसारखी ती जिभेवर विरघळली नाही. चव चक्क्याची आणि लिंबाची होती.

‘‘आजोबा, याला जपानी म्हणायचं का?’’ नातीने विचारले.

शेरा देण्याची सवय जुनी आहे. या वेळी मी आणखी एक वडी मागून घेतली.