आंबा की फणस?

मुंबईचं क्रिकेट धर्मावर बेतलेल्या संघांतून वाढलं. 1877मध्ये पारशी युरोपियनांशी खेळले. 1907मध्ये हिंदू आले, 1912मध्ये मुस्लिम, 1937मध्ये ‘इतर’. ही पंचरंगी स्पर्धा 1946मध्ये बंद झाली.

घाटकोपरच्या आमच्या चाळीत संघ वेगळ्या रीतीनं पडायचे. सारख्याच ताकदीची दोन पोरं बाजूला जाऊन गुपचूप नावं घ्यायची आणि गळ्यात हात टाकून परत यायची. "आंबा की फणस?" कॅप्टन म्हणायचा, "फणस!" फणस कोण, हे त्यालाही नंतरच कळायचं. कधी मी, कधी शेजारचा दोस्त.

पुढे भाड्याची खोली शोधताना माझं नाव ऐकून घरमालकांचा आवाज बदलायचा. तेव्हा ती गल्ली आठवायची. निवड तिथंही नावावरूनच व्हायची. पण ते नाव आंबा नाहीतर फणस असायचं.