आजचा मासा कोणता?

जुलै महिन्यात, पावसाची झड लागलेली असताना, गोव्याच्या किनाऱ्यावरच्या आलिशान हॉटेलात रवा लावून तळलेली सुरमई मागवली तरी ती येते. जेवणघराच्या काचेतून समोर खवळलेला समुद्र दिसत असतो, पण त्या समुद्रात ट्रॉलर नसतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. अनेक माशांच्या विणीचा तो काळ. त्यामुळे ताटातली सुरमई एक तर मेमध्ये गोठवलेली असते, नाहीतर दुसऱ्या किनाऱ्यावरून बर्फात प्रवास करून आलेली. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला संपते, म्हणजे जुलैत तिकडे नौका समुद्रात असतात.

याच महिन्यात, २०१८ साली, गोव्यात मोठं वादळ उठलं. परराज्यांतून ट्रकने येणाऱ्या मासळीत फॉर्मॅलिन असल्याचा संशय आला, बाजारात गिऱ्हाईक फिरकेना आणि शेवटी सरकारला काही दिवस मासळीची आयातच थांबवावी लागली. भेसळीची चर्चा खूप झाली. तिच्या मुळाशी असलेली गोष्ट मात्र मागे राहिली: समुद्राला ऋतू आहेत, मागणीला ते उरलेले नाहीत. बारा महिने तेच पाच मासे हवे असतील, तर ते लांबून आणावे लागणार आणि लांबून आणलेलं टिकवण्याचा मोह कुणाला तरी होणार.

मासळी उतरल्यापासून ताटात येईपर्यंत तिचं काय होतं, हा माझा अभ्यासाचा विषय. किनाऱ्यावरच्या महागड्या हॉटेलाकडे शहरातल्या कुठल्याही हॉटेलाकडे नसलेली एक संपत्ती असते. बंदर, खाडी, भाताची शेतं, माडाची बाग हे सगळं तासाभराच्या अंतरात असतं. तिचा उपयोग करायचा तर मेनू बाजार पाहून ठरवावा लागतो. आधी मेनू छापून मग त्याला मासा शोधायचा, या पद्धतीत ती संपत्ती वाया जाते.

ताजेपणा म्हणजे काय, ते बांगड्यावर चांगलं दिसतं. नुकताच उतरलेला बांगडा हातात आडवा धरला तर शेपटीकडे वाकत नाही, ताठ राहतो. पाठीवरच्या निळ्या-हिरव्या पट्ट्यांना चकाकी असते. डोळा फुगीर आणि पारदर्शक, कल्ले लालभडक. बोटाने दाबलं तर खळगा लगेच भरून येतो. वास समुद्राच्या पाण्याचा येतो, ‘माशाचा’ येत नाही. काही तासांनी ताठरपणा उतरतो, मग डोळा बसतो, कल्ले तपकिरी होतात आणि पोट मऊ पडतं.

हे आतल्या रसायनामुळे होतं. मासा मेल्यावर त्याच्या स्नायूंतलं एटीपी तुटत जातं आणि वाटेत इनोसिन मोनोफॉस्फेट तयार होतं. माशाच्या गोडसर, भरीव चवीत त्याचा मोठा वाटा असतो. पुढे तेही तुटतं आणि हायपोझॅन्थिन साचू लागतं, ते कडवट. म्हणजे खराब होण्याच्या कितीतरी आधी मासा चव गमावतो. खाण्यालायक असणं आणि ताजं असणं यांत काही दिवसांचं अंतर असू शकतं, आणि पाहुण्याने पैसे ताजेपणाचे मोजलेले असतात.

बांगडा, तारली, टुना यांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. त्यांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा उन्हात पडून राहिला तर जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. चेहरा लाल होणं, अंगावर गांधी उठणं, डोकं दुखणं ही त्याची लक्षणं. लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात. एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवल्याने जात नाही, गोठवल्यानेही नाही. उपाय फक्त पहिल्याच तासापासून बर्फ. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. तीस अंशांवरचा एक किलो मासा शून्यावर आणायला त्याच्या एक तृतीयांश बर्फ पुरतो, पण आपल्या हवेत बाहेरून सतत उष्णता शिरत असते. म्हणून जेवढी मासळी तेवढा बर्फ, हा साधा नियम पाळायचा.

किनाऱ्यावरच्या बायकांनी हे रसायन न शिकता त्यावर स्वयंपाक बसवला. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ आणि आमसुलं पडतातच. माशाचा उग्र वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइनसारख्या अमाइन्समुळे येतो. आंबटाने त्यांचे क्षार बनतात, ते हवेत उडत नाहीत आणि वास दबतो. तिरफळाचा सुगंध तेलकट माशाचा जडपणा कापतो आणि जिभेला हलकी झिणझिणी आणतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, कातळावरची आणि बागेतली झाडं घराजवळ आहेत, मग व्हिनेगर कशाला? मालवणच्या घरात पापलेटाच्या कालवणात मात्र तिरफळ सहसा पडत नाही. नाजूक माशावर ते कुरघोडी करतं. कुठल्या माशाला काय लागतं हे ज्ञान कुठल्याही आयात केलेल्या सॉसपेक्षा मोलाचं आहे.

सर्वांत कमी अंतराचा मासा रापणीचा. मालवण, वेंगुर्ला, गोव्याच्या काही किनाऱ्यांवर अजूनही रापण ओढली जाते. जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात अर्धवर्तुळ घालते आणि दुसरं टोक थोड्या अंतरावर किनाऱ्याला आणते. मग दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढायला लागतात, हळूहळू जवळ सरकतात आणि जाळ्याचा खोळ वाळूवर येतो तेव्हा त्यातला मासा उड्या मारत असतो. बांगडे, तारल्या, पेडवे, सौंदाळे, मधेच एखादी मुडदुशी. पकड रापणकरांत वाट्यांनी वाटली जाते. या माशाने शीतगृह पाहिलेलंच नसतं. त्याच वाळूवर उभ्या असलेल्या हॉटेलाने तो घेतला तर किनाऱ्यापासून तव्यापर्यंत अर्धा तास लागतो. पर्ससीन जाळ्यांनी आणि रात्रीच्या प्रखर दिव्यांच्या मासेमारीने रापणीची पकड फार घटवली, अशी पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. महाराष्ट्राने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ साली एलईडी दिव्यांची मासेमारी बंद केली. अंमलबजावणीसाठी मच्छीमारांचा झगडा अजून चालू आहे.

समुद्र बंद असतो तेव्हा खाडी उघडी असते, आणि गोव्यात खाडीचं स्वयंपाकघर म्हणजे खाजन. मांडवी आणि झुवारीच्या काठची ही खारजमीन शतकांपूर्वी बांध घालून मिळवलेली. बांधात लाकडी दारांची मानस असते. भरती आली की पाण्याच्या दाबाने दारं आपोआप मिटतात आणि खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब वाढतो, दारं उघडतात आणि पाणी बाहेर पडतं. त्या वाहत्या पाण्यात रात्री जाळं लावलं की कोळंबी, शेवटो, चोणक, कुर्ल्या सापडतात. या मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो. पावसाळ्यात त्याच खाजनात खारं सोसणारं कोरगुट भात उभं राहतं. भात आणि मासा एकाच शेतातून, एकाच बांधाच्या आधाराने. बांध फुटला, मानस कुजली, तर दोन्ही जातात. म्हणून कोरगुटाचा उकडा तांदूळ विकत घेणारं हॉटेल त्या बांधाच्या डागडुजीलाही हातभार लावत असतं. शेवटो हा गोव्याचा राज्यमासा आहे, तरी पंचतारांकित मेनूवर तो क्वचितच दिसतो.

पाण्याच्या स्वच्छतेचा प्रश्नही इथेच येतो. तिसऱ्या, शिनाण्या, कालवं हे जीव पाणी गाळून जगतात, तासाला काही लिटर. पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात उतरतं. खाडीकाठच्या हॉटेलाचं सांडपाणी नीट शुद्ध झालं नाही, तर तिसऱ्यांचं सुकं त्याच्याच मेनूवरून काढावं लागेल.

ऋतूंचं वेळापत्रक पाळलं तर ताट कधीच रिकामं राहत नाही. जून-जुलैत खाडीचा मासा आणि सुकी मासळी. त्यासाठीची बेगमी मेमध्येच होते. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या पुरुमेंताच्या फेस्तात खारे बांगडे, सुकी कोळंबी, सोलं, मिरच्या यांची खरेदी चालते. याच दिवसांत टाकळा, फोडशी, अळू या भाज्या उगवतात आणि गोव्यात वारुळावरची आळमी, म्हणजे अळंबी, येतात. ऑगस्टमध्ये समुद्र उघडतो. पावसाळ्यात खोलातलं पोषक पाणी वर आलेलं असतं, प्लवंग माजलेले असतात, ते खाऊन तारल्या आणि बांगडे चरबीने भरतात. चिबुडाचा हंगामही हाच. थंडीत सुरमई, मोरी, तिसऱ्या, शेतात लाल माठ आणि पुढे आगशीची वांगी. या वांग्यांना आणि काणकोणच्या खोला मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. उन्हाळ्यात ओले काजू, फणस, कैरी, करवंदं, आणि कैरी घातलेलं कोळंबीचं कालवण.

हे ताट आलिशान हॉटेलात शोभेल का, ही शंका गोव्यात कधीच मिटली आहे. १६१२ साली पूर्ण झालेल्या आग्वाद किल्ल्याच्या बुरुजाशी १९७४ साली ताजचं हॉटेल सुरू झालं. १९८३ साली राष्ट्रकुल परिषदेच्या नेत्यांचा मुक्काम याच परिसरात झाला. शेफ अर्बानो दो रेगो यांनी ताजच्या इथल्या स्वयंपाकघरांत गोव्याच्या घरगुती हुमणांना, काफ्रियालला, बाल्शावला मानाची जागा मिळवून दिली. परदेशी पाहुण्याला त्याच्या घरचं जेवण देणं हेच आतिथ्य मानलं जाण्याच्या काळात त्यांनी गोव्याचं जेवण पुढे ठेवलं आणि ते चाललं.

सिंधुदुर्गात ही संधी आता येते आहे. १९९७ साली तो पर्यटन जिल्हा जाहीर झाला. २०२१ मध्ये चिपीला आणि २०२३ च्या आरंभी पलीकडे गोव्यात मोपाला विमानं उतरू लागली. भोगवे, तारकर्ली, शिरोड्याच्या परिसरात महागडे निवास वाढत आहेत. गोव्यातल्या काही हॉटेलांनी व्हिएतनामच्या बासावर आणि नॉर्वेच्या साल्मनवर जी भिस्त ठेवली, ती इथे टाळता येईल. आणखी एक गोष्ट टाळायला हवी: ताटात आख्खं मावणाऱ्या छोट्या पापलेटाचा हट्ट. त्या मागणीने पिल्लं जाळ्यात येतात. महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटाला राज्यमासा ठरवलं आणि ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमानही ठरवून दिलं. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी फूटपट्टी ठेवणारा शेफ या नियमाला कुठल्याही गस्तीनौकेइतकीच मदत करेल.

पाहुण्याच्या हातातही बरंच आहे. मेनू उघडण्याआधी वाढप्याला तीन प्रश्न विचारावेत. आज कुठला मासा आला? कुठल्या बंदरावर किंवा खाडीत उतरला? तळण्याआधी आख्खा दाखवाल का? चांगलं स्वयंपाकघर तिसऱ्या प्रश्नाने खूश होतं. ‘आज सुरमई नाही’ हे उत्तर मिळालं तर नाराज होऊ नये. ते उत्तर देणाऱ्या हॉटेलात पुढचा पदार्थ निर्धास्त मागवावा. कोळंबीच्या डोक्यावर काळे डाग दिसले तर घाबरायचं कारण नाही, ते विकरांमुळे पडतात आणि पहिला डाग म्हणजे कुजणं नव्हे. पण डोकं धडापासून सैल झालं असेल तर ती परत पाठवावी. कुर्ली जिवंतच पाहून घ्यावी, मेलेली झपाट्याने बिघडते. शिजवूनही न उघडलेली शिनाणी बाजूला ठेवावी.

दिवाळीच्या सुट्टीत मालवण, वेंगुर्ला किंवा गोव्याकडे निघणाऱ्यांची वेळ उत्तम असते. बांगडा अजून चरबीदार असतो, भाताची कापणी नुकतीच झाल्याने नवा तांदूळ बाजारात येत असतो, कोकमाची सोलं उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली असतात आणि नारळ तर बाराही महिने असतो. दुपारी बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात, लाल माठाची भाजी आणि सोलकढी मागावी. मेनूवर नसेल तर शेफला बोलावून सांगावं. त्याच्या घरी त्या दिवशी बहुधा हेच शिजलेलं असतं, आणि ते करून वाढायला त्याला आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरे.