हिचं टायमिंग चुकलं तेव्हा

आमच्या घरी माझ्याआधीपासून एक सवत आहे, म्हैसूरची. मी लग्न होऊन सांगलीला आले ती 1982 च्या मे महिन्यात; ही येझ्दी मोटारसायकल आदल्या वर्षापासूनच दाराशी उभी होती. हिच्यावरून आम्ही नरसोबाच्या वाडीला गेलो, आणि धाकट्याच्या वेळी मी दवाखान्यातही हिच्यावरूनच गेले. (बाई, आता आठवलं तरी अंगावर काटा येतो!) म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, पण आमची बया काही बंद पडली नाही. तिची सगळी उस्तवार हे स्वतः करतात. माझी जुनी सुती साडी पुसणं म्हणून आधी तिच्या वाट्याला, मग स्वयंपाकघराच्या.

गेल्या श्रावणात मात्र ती रुसली. किक मारली की नुसतं फुरफुर, आणि मग एकदम उलटा झटका. मेकॅनिक लोक त्याला ‘बॅक किक’ म्हणतात. तिसऱ्या वेळी तो लोखंडी दांडा ह्यांच्या घोट्यावर असा बसला, की मी कणीक टाकून धावले. आंबेहळद उगाळून लावली. रात्री फोनवर मुलगा म्हणाला, “आई, आता विकून टाका ती. बाबांचं वय आहे का हे?” ह्यांनी ते ऐकलं, आणि न जेवताच झोपले.

पुढचे तीन दिवस दोष कधी पेट्रोलला, कधी प्लगला, कधी ऑईलला. चौथ्या दिवशी मीच पाट घेऊन शेजारी बसले. म्हटलं, “अहो, मला सांगा तरी, हिचं दुखतं कुठं?”

मैत्रिणींनो, मला कळलं ते सांगते. सिलिंडरमधला पिस्टन वर येताना पेट्रोलची वाफ दाबत येतो. तो अगदी वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडावी लागते, कारण वाफ पेटून जोर धरायलाही क्षणभर लागतो. आमच्या गाडीत हे ‘जरा’ म्हणजे तीनेक मिलिमीटर. ठिणगी उशिरा पडली तर गाडी ओढत नाही, तापते. फार लवकर पडली, तर पिस्टन वर येतोय तोच त्याच्या तोंडावर भडका, आणि तो मागं ढकलला जातो. झोपाळा आपल्याकडे येत असतानाच धक्का दिला तर हात कसा मुरगळतो, तसंच. ठिणगी पडते ती ‘पॉईंट’ उघडतात त्या क्षणी. पॉईंट म्हणजे उजव्या झाकणाखालचे धातूचे दोन इवलेसे ठिपके. त्यांच्यातली फट 0.4 मिलिमीटर हवी. फट वाढली की ते लवकर उघडतात, म्हणजे ठिणगीही लवकर. म्हणून आधी फट, मग टायमिंग. हा क्रम उलटा केला तर सगळी मेहनत पाण्यात.

फट मोजायला पत्र्याच्या पातळ पात्यांचा जुडगा असतो, त्याला फिलर म्हणतात. ह्यांनी एक पातं काढून फटीत सरकवलं. “बघ, बरोबर आहे.” मी ते पातं घेऊन उजेडाकडे धरलं. बारीक आकड्यांत लिहिलं होतं, 0.60.

मी बोलले नाही, नुसतं ते त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी जवळ नेलं, लांब नेलं, चष्मा पुसला. “गंजलंय ते,” म्हणाले. गंज कुठला! आरशासारखं लख्ख होतं.

माझ्या पोटात खड्डा पडला. हातातला आकडा न दिसणारा हा माणूस पावसाळाभर, दिवेलागणीला, मला मागं बसवून बाजारातून गाडी काढत होता.

म्हटलं, “टायमिंग मी लावून देते. पण चालू झाली की चावी माझ्याकडे. आधी डोळ्यांचे डॉक्टर.” हे हो म्हणाले नाहीत. पाना तेवढा पुढं केला.

चावी बंद, प्लग बाहेर. प्लगच्या भोकातून मी विणकामाची प्लॅस्टिकची सुई सोडली (लोखंडी नको, पिस्टनला ओरखडा जातो). गाडी मेन स्टँडवर, गिअरमध्ये. हे मागचं चाक हळूहळू फिरवत होते. सुई सगळ्यांत वर आली तिथं भोकाच्या काठाशी एक खूण, तिच्यावर तीन मिलिमीटरवर दुसरी. योग्य पात्यानं फट लावून घेतली. मग पॉईंटांमध्ये पतंगाच्या कागदाची पट्टी धरली, चाक जरा मागं नेऊन पुन्हा पुढं आणलं. वरची खूण काठाशी आली, की त्याच क्षणी पट्टी सुटायला हवी. आधी सुटली, मग उशिरा सुटली. प्लेटचे स्क्रू सैल करून केसभर इकडे, केसभर तिकडे. हे खालून ओरडत होते, “घट्ट करताना प्लेट हलू देऊ नकोस!” ती हलली. पुन्हा पहिल्यापासून. दुपारचा वरणभात चार वाजता झाला.

दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. मी बंद करून चावी तांदळाच्या डब्यात टाकली.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत निघाला. एक ऑपरेशन दिवाळीनंतर, दुसरं संक्रांतीच्या आत. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं त्या संध्याकाळी ह्यांनी फिलर काढला, आणि एकेक पातं उलगडून आकडे मोठ्यानं वाचून दाखवले. शाळेतल्या मुलासारखे. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

“तुझे केस केवढे पांढरे झालेत गं!”

मी तांदळात हात घातला.