धरमतरची खरेदी

गावाला गेलं की तिथली काहीतरी वस्तू आणायची, असा आमच्या घरचा दंडक. पण धरमतरहून आणणार काय? खाडी पिशवीत मावत नाही, आणि मिठागरातलं मीठ आणलं तर शेजारी हसतात. वडखळला पांढऱ्या कांद्याची माळ घेतली. पेणला पोह्यांचे पापड घेतले. राहता राहिला गणपती.

पेणच्या कारखान्यात ऐन फाल्गुनात पांढरेफटक, बिनडोळ्यांचे शेकडो गणपती रांगेत बसले होते. आमच्या काउंटरसमोर पेन्शनीच्या दिवशी बसतात तसे. मी वीतभर मूर्ती उचलली. "शोकेसमध्ये छान दिसेल."

"आणि रोज नैवेद्य कोण दाखवणार, शोकेस?" ही म्हणाली. "गणपती चतुर्थीला आणतात!"

मूर्ती खाली ठेवली. कारागीर हसला. म्हणाला, "साहेब, शाडू, रंग, मजुरी बारा महिने, पैसा मात्र भाद्रपदात."

जमा एकदा, खर्च बारा महिने! असं खातं आमच्याकडे आलं तर मॅनेजर चष्मा पुसायला घेतात.

हिने माझ्या खिशातून पाचशेची नोट काढून त्याच्या हातावर ठेवली. "चतुर्थीचा विसार. डोळे शांत काढा."

पावती मी मागितली नाही. बँकेत कृपया बोलू नका.