पेल्याखालची गोधडी

दोन वर्षांपूर्वी चिरंजीवांनी घरात नवे जेवणाचे टेबल आणले. सागवानी, आणि पॉलिश असे की त्यात तोंड दिसावे. आमच्याकडे पाणी उकळून पिण्याची रीत, त्यामुळे गरम भांडे सतत हाताशी असते. आठवडा उलटण्याच्या आत टेबलावर पहिले पांढरे वर्तुळ उमटले. उष्णता आणि ओलावा एकदा पॉलिशमध्ये शिरला की तो डाग फडक्याने पुसून जात नाही. सूनबाई म्हणाल्या, ‘‘आई, बाजारात रबराचे कोस्टर मिळतात, डझनभर घेऊन येते.’’ मी एकदम म्हणून गेले, ‘‘कापडवाल्याच्या घरात पेल्याखाली ठेवायला रबर विकत आणायचे?’’ बोलण्यात गर्व होता, हे मान्य करते. त्या गर्वाची किंमत म्हणून मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी शिवण शिकावे लागले.

कापड मात्र शोधावे लागले नाही. माळ्यावर आक्कांची पत्र्याची ट्रंक होती. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सांगलीच्या कापड पेठेत आमचे दुकान. मामंजींच्या वडिलांनी सुरू केलेले. ताक्याच्या शेवटी उरणारा वीतभर तुकडा, ब्लाउजपीस सरळ करताना निघालेली पट्टी, नमुन्यांच्या जुन्या पुस्तिकांतले चौकोन, हे सारे आक्का दुकानाच्या माळ्यावर त्या ट्रंकेत जमवत. मामंजींचा नियम असा की पाव मीटरच्या आतला तुकडा शिलकेत धरायचा नाही. दिवाळीपूर्वी मालाची मोजदाद होई तेव्हा ती ट्रंक कोणी उघडतही नसे. वहीत तिला जागा नव्हती.

दुपारी गिऱ्हाईक कमी झाले की आक्का आणि माझ्या धाकट्या जाऊबाई माळ्यावर बसून तुकडे निवडीत. पॉपलीनचे गाठोडे वेगळे, मांजरपाटाचे वेगळे, टू बाय टूचे वेगळे; खणाच्या तुकड्यांना जुन्या धोतराची घडी. आक्का त्यांच्या गोधड्या शिवत. जाऊबाईंना त्यांनी शेजारी बसवून शिकवले, आणि जाऊबाईंचा हातही असा की धावदोऱ्याची ओळ पट्टीने आखल्यासारखी येई. मी खाली गल्ल्यावर असे. रोजमेळ लिहिणे, उधारी आठवणीने मागणे, पेढीवरून आलेले बिल तपासणे, यात माझे दिवस गेले. शिवण हे काम मला जरा कमी प्रतीचे वाटे, हेही आज लिहून ठेवते.

आक्का २०१६ साली गेल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी पेठेत शिरले. २००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती आणि माल तिच्या वरच्या फळ्यांवर चढवून आम्ही निर्धास्त होतो. या वेळी आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. पाणी ओसरल्यावर शटर उघडले तेव्हा ताके चिखलाने फुगून एकमेकांना चिकटलेले होते. ते किलोच्या भावाने द्यावे लागले. कोरडी राहिली ती माळ्यावरची ट्रंक. तीन पिढ्यांच्या दुकानातले तेवढेच कापड वाचले, आणि तेही वहीबाहेरचे.

पुढचे थोडक्यात सांगते. यजमानांना दुकान त्याच जागी पुन्हा उभे करायचे होते. भावोजींना विश्रामबागेकडे, उंचावर जायचे होते. दोघांचेही खरे होते, म्हणूनच ते भांडण मिटले नाही. वाटणीची यादी झाली. आक्कांचे शिवणयंत्र यादीत होते, ते जाऊबाईंकडे गेले. ट्रंक यादीत नव्हती. दुकानाची साफसफाई करताना ती आमच्या घरी आणून ठेवली होती, ती तिथेच राहिली. मी कोणाला विचारले नाही, मला कोणी विचारले नाही. वाटणीनंतर दोन्ही घरांचे बोलणे लग्नकार्यापुरते उरले.

तर ती ट्रंक मी कोस्टरसाठी उघडली.

कृती सांगायला सोपी आहे. पाच इंचांचे दोन चौकोन कापायचे. पाव इंच शिवणीत जातो आणि तयार चौकोन साडेचार इंचांचा होतो; पेला, तांब्या त्यावर नीट बसतो. (घरातल्या हिशेबी मंडळींसाठी : ३६ इंच पन्ह्याच्या एका मीटरमधून असे ४९ चौकोन निघतात, म्हणजे २४ कोस्टर आणि एक चौकोन शिल्लक.) सर्वांत खाली भरण ठेवायचे, त्यावर एक चौकोन सुलट बाजू वर करून, त्यावर दुसरा सुलट बाजू खाली करून. चारी बाजूंनी टीप घालायची, एका बाजूला दोन बोटे जाईल एवढे तोंड उघडे ठेवायचे, कोपरे तिरके छाटायचे आणि त्या तोंडातून सगळे उलटवायचे. तोंड हाताने शिवून बंद करायचे. मग वरून इंच-इंच अंतरावर आडव्या-उभ्या टिपा, म्हणजे आतले भरण हलत नाही.

सांगायला सोपी, असे मी म्हटले. पहिल्या खेपेला मी कापड धुऊनच घेतले नाही. लाल तुकड्याचा रंग पाण्याच्या पहिल्या थेंबाबरोबर पांढऱ्यावर उतरला. भरणासाठी बाजारातून पॉलिस्टरचा फुगीर थर आणला. दिसायला कोस्टर गुबगुबीत, पण त्यावर पेला डगमगे, आणि पॉलिस्टर पाणी पीत नसल्याने ओल खालून टेबलावर येई. इस्त्री फिरवली तर तो थर पापडासारखा बसला. दुसऱ्या खेपेला जुना टॉवेल घातला. पाणी शोषले, पण कोपऱ्यात एवढी जाडी झाली की सुई शिरेना. यंत्र नव्हते, सगळे हाताने चालले होते. बोटाला भोके पडली.

तिसऱ्या खेपेला ट्रंकेच्या तळाशी आक्कांचे एक सुती पातळ मिळाले, धुऊन धुऊन मलमलीसारखे झालेले. त्याचे तीन पदर आत घातले आणि काम जमले. खरे तर हे मला आधीच सुचायला हवे होते. आपल्या गोधडीच्या पोटात दुसरे काय असते? जुनी लुगडी, धोतरे, पदरावर पदर. वापरून मऊ झालेले सूत ओल पिते आणि उष्णताही अडवते. तीस वर्षे आक्कांच्या गोधड्या पांघरून मी ते विकत आणायला निघाले होते.

पण कोपरे काही जमेनात. छाटताना टिपेच्या फार जवळ गेले की उलटवताना कोपरा फाटून दोरे बाहेर येत. लांब राहिले की आत गोळा होऊन कोपरा बोथट. विणायची सुई आतून घालून टोचून पाहिले. सहा कोस्टर झाले, त्यांचे चोवीस कोपरे, आणि एकही धड टोकदार नाही. आमच्या दक्षिणेला उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ नावाच्या गोधड्या शिवतात. त्या कडेकडून सुरुवात करून मध्याकडे येतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाचे घडी घातलेले त्रिकोण लावतात. त्यांना फूल म्हणतात. फुलांवाचून कवंदी त्यांच्या लेखी उघडी. एका प्रदर्शनात ते पाहिले तेव्हा मी फक्त किंमत विचारली होती. कोपऱ्याला एवढा मान का, हे चोवीस कोपरे बिघडवल्यावर कळले.

त्या सहांपैकी दोन जांभळ्या पॉपलीनचे होते, पांढऱ्या ठिपक्यांच्या. सूनबाईंनी ते टेबलावर मांडले आणि मला एकदम आठवले : त्याच ताक्यातून जाऊबाईंनी त्यांच्या लेकीचा पहिला फ्रॉक शिवला होता, आणि उरलेला तुकडा घडी करून त्यांनीच ट्रंकेत ठेवला होता. माझ्या देखत. ट्रंकेतले निम्मे गाठोडे त्यांच्या हातचे होते. मी पै-पैचा मेळ घालणारी बाई. गिऱ्हाइकाचा चुकून आलेला जादा रुपया दुसऱ्या दिवशी बोलावून परत केलेला आहे. आणि ही ट्रंक यादीत नाही एवढ्या आधारावर माझ्या माळ्यावर इतकी वर्षे बसली होती.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी सूनबाई विश्रामबागेकडे जाणार होत्या, त्यांच्याबरोबर सहाही कोस्टर जाऊबाईंकडे पाठवले. चिठ्ठी लिहायला बसले होते. दोनदा लिहून फाडली. यजमानांना सांगितले नाही.

पंधरा दिवस काहीच आले नाही. मग एके दिवशी पुतणी दारात पाकीट देऊन, आत न येताच गेली. आत जांभळा कोस्टर, एकच. वाटले, परत केला. हातात घेतला तेव्हा दिसले की तो उसवून पुन्हा शिवला आहे. चारही कोपरे टोकदार. कडेने, काठापासून बरोबर एक सूत आत, यंत्राची टीप चहूबाजूंनी फिरलेली. आतले आक्कांचे पातळ तसेच ठेवले होते.

संध्याकाळी फोन आला. आधी दोघीही प्रकृतीचे बोललो. मग त्या म्हणाल्या, ‘‘ताई, उलटवण्याआधी कोपऱ्याची शिवण अंगठ्याखाली दुमडून धरायची. आक्का तसंच करायच्या. टोचायचं नाही.’’ मी बरे म्हटले. थोडे थांबून त्यांनी विचारले, ‘‘त्या जांभळ्या पॉपलीनचं अजून काही आहे का हो?’’

‘‘ट्रंकच आहे की,’’ मी म्हटले. ‘‘निम्मी तुझी आहे. मी आधीच सांगायला हवं होतं.’’

पलीकडून बराच वेळ काही आले नाही. मग त्या म्हणाल्या, ‘‘निवडायला बसावं लागेल.’’ कधी, ते काही ठरले नाही.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांकडून ट्रंक खाली उतरवून घेतली आणि पॉपलीनचे गाठोडे सोडले. जांभळा तुकडा एकच उरला होता. पट्टी लावून मोजला : लांबी नऊ इंच, रुंदी पाच. दोन चौकोनांना एक इंच कमी. मी त्याला कात्री लावली नाही. घडी घातली, आक्कांच्या उरलेल्या पातळात गुंडाळला आणि विश्रामबागेला पाठवून दिला.