मी एकटी कुठे सांभाळते?

गेल्या महिन्यात चुलत बहिणीच्या निकाहसाठी परभणीला गेले होते. जेवणे उरकली, बायका गोल करून बसल्या आणि नात्यातल्या एका खालांनी मला विचारले, "नोकरी करतेस, पोरगी लहान, सासूचे वय झालेले. घर कसे सांभाळतेस ग?"

मी पटकन म्हणाले, "मी एकटी कुठे सांभाळते?"

सगळ्या हसल्या. त्यांना वाटले, मी नम्रपणाने बोलले. परत येताना रेल्वेत बसले, पोखर्णी मागे पडली, गोदावरीचा पूल आला आणि गंगाखेड दिसू लागले, तरी माझ्या मनात तेच वाक्य घोळत होते. मी नम्रपणाने बोललेच नव्हते. खरे तेच सांगितले होते. ते नीट सांगावे म्हणून हा लेख लिहायला बसले आहे.

माझे माहेर परभणी. बारावीनंतर ए.एन.एम.चा दोन वर्षांचा कोर्स केला आणि पाच वर्षांपूर्वी लग्न होऊन गंगाखेडला आले. आमच्या यांचे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचे लहानसे दुकान आहे. शेतकऱ्याची मोटार जळाली की ती उघडायची, जुनी तार काढायची आणि तांब्याच्या नव्या तारेचे वेढे मोजून भरायचे. एक वेढा चुकला तर सगळी मेहनत पाण्यात. मी तालुक्यातल्या एका गावच्या उपकेंद्रात कंत्राटी आरोग्यसेविका आहे. घरात आम्ही दोघे, सव्वातीन वर्षांची मुलगी आणि सासूबाई. त्यांना आम्ही अम्मा म्हणतो.

आमच्या दिवसाची सुरुवात फजरच्या अजानने होते. नमाज झाली की अम्मा तस्बीह घेऊन बसतात, मी चहा ठेवते आणि हे अंगण झाडून पाणी भरतात. मग मी ज्वारीच्या भाकरी थापते, हे भाजी चिरतात. कांदा बारीक चिरणे त्यांना अजून जमत नाही. मोटारीतली केसासारखी तार सरळ करणारा माणूस कांद्याचे असे ओबडधोबड तुकडे कसे करतो, हे कोडे मला सुटलेले नाही. साडेआठला माझा डबा तयार असतो. मुलगी अम्मांच्या मांडीवर बसून दुधात भिजवलेली भाकरी खाते. मी सलाम करून निघते, तेव्हा ती दारापर्यंत येते आणि रोज एकच प्रश्न विचारते, "आज कितनों को सुई?"

लसीकरणाच्या दिवशी या प्रश्नाचे उत्तर मला नीट द्यावे लागते. लसींचा थंड डबा घेऊन गावात पोचले की आशाताई आणि अंगणवाडीताई यादी घेऊन तयार असतात. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस. एकेका बाळाचे कार्ड माझ्यासमोर भरत जाते. सुई टोचली की बाळ रडते, आई डोळे पुसते आणि मी सांगते, "अर्धा तास इथेच थांबा. रात्री ताप आला तर घाबरू नका, लस काम करतेय." एका आजीने तर नातवाला लस द्यायला तीन वेळा नकार दिला होता. चौथ्या वेळी मी लसीचे नावच काढले नाही. त्यांच्या ओसरीवर बसून चहा प्यायले आणि माझ्या मुलीला ताप आला होता तेव्हा मी रात्रभर कशी जागले, ते सांगितले. पुढच्या सत्राला आजी स्वतः बाळाला खांद्यावर टाकून आल्या. त्या दिवशी घरी येताना मला आपण फार मोठे काम केल्यासारखे वाटले. माझा करार दरवर्षी नव्याने होतो, पगार कधी उशिरा येतो. त्याचा त्रास होतोच. पण असे दिवस त्या त्रासाला पुरून उरतात.

हे सगळे वाचून वाटेल, हिचे बरे आहे. पण हे घर पहिल्यापासून असे नव्हते.

मुलगी सहा महिन्यांची झाली आणि माझी रजा संपत आली. अम्मा म्हणाल्या होत्या, "बच्ची मेरे पास रहती, तू जा." त्या भरवशावर मी निर्धास्त होते. रुजू व्हायला आठ दिवस उरले असताना अम्मा न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. दीड महिन्याचे प्लास्टर. आता बाळाला कोण घेणार, स्वयंपाक कोण करणार? मी रात्री बसून राजीनामा लिहिला. कुणी लिही म्हटले नव्हते. मीच ठरवून टाकले की बाईने घर आधी पाहावे. लिहिताना मात्र हात थरथरत होता. शिकवण्यासाठी अब्बांनी काढलेले कर्ज आठवत होते. परीक्षेच्या दिवसांत अम्मीने उशाशी बसून काढलेल्या रात्री आठवत होत्या.

सकाळी यांनी तो कागद पाहिला. वाचला, घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवला. म्हणाले, "दीड महिना मी दुकान दुपारी उघडतो. सकाळचे मी बघतो, दुपारनंतर तुझी बहीण येऊन राहील का, विचार." एवढेच. दुसऱ्या दिवशी ते पीठ मळायला बसले. परातीत पाणी जास्त झाले, मग पीठ जास्त झाले, मग पुन्हा पाणी. चार माणसांचे पीठ आठ माणसांचे झाले. अम्मा प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून हसत होत्या.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. भांडी घासायला किंवा बाळाचे लंगोट धुवायला बसले की हे आधी बाहेरचे दार लावून घेत. एकदा नात्यातल्या एक बाई अचानक आल्या. यांच्या हाताला साबणाचा फेस होता. त्या म्हणाल्या, "अरे, बायको नोकरीला गेली आणि नवरा घरात बाई झाला!" बोलणे चेष्टेचे होते, पण यांचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून दाराला आतून कडीही लागू लागली.

एका रविवारी मी घरीच होते. यांनी नेहमीसारखे दार लावले आणि अम्मांनी हाक मारली, "दरवाजा क्यों लगाया रे? खोल दे. चोरी थोड़ीच कर रा तू?"

हे म्हणाले, "लोग देखते ना अम्मा."

"देखने दे," अम्मा म्हणाल्या आणि मग कोपऱ्यातल्या जात्याकडे बघत राहिल्या. आमच्या घरात ते दगडी जाते अजून आहे. रमजानच्या आधी त्यावर डाळ भरडतो. एरवी ते तसेच पडून असते आणि मुलीला खेळायला होते. त्या दिवशी अम्मांनी जे सांगितले, ते यांनीही कधी ऐकले नव्हते.

अम्मा नव्याने या घरात आल्या, तेव्हा गावात गिरणी होती, पण दळणाचे पैसे वाचवायचे म्हणून त्या पहाटे उठून जात्यावर ज्वारी दळत. सासूला डोळ्यांनी दिसत नव्हते. माझे सासरे अडत बाजारात हमाली करत. मोठ्या नणंदेच्या जन्मानंतर अम्मांना ताप भरला. तीन दिवस उठवेना. घरात पीठ संपले. चौथ्या पहाटे त्यांना जात्याच्या घरघरीने जाग आली. बघतात तर दार आतून लावलेले, दिवा बारीक केलेला आणि सासरे खुंटा धरून दळत बसलेले. पाठीवर पोती वाहणारा माणूस, पण वैरण किती घालायची ते कळत नव्हते. कुठे पीठ पडत होते, कुठे नुसती भरड. अम्मा उठायला लागल्या, तेव्हा त्यांनी तोंडावर बोट ठेवले. बाहेर कळू नये म्हणून.

पण जात्याचा आवाज लपतो थोडाच? पाणी भरायला गेल्यावर शेजारणींनी विचारले, "आज तुमच्या जात्याचा फेरा जड लागत होता ग, कोण दळत होते?" अम्मांनी सांगितले, "बहीण आली होती."

"चालीस बरस हो गए," अम्मा म्हणाल्या. "तेरे अब्बा ने दरवाजा लगाको पीसा, और मैं झूठ बोली. जिस आदमी ने मेरे वास्ते पीसा, उसका नाम किसी को बोल नै सकी. तू दरवाजा मत लगा रे."

घरात कुणी काहीच बोलले नाही. माझे सासरे मी पाहिलेले नाहीत. लग्नाआधीच ते अल्लाहला प्यारे झाले. पण त्या क्षणी ते मला आमच्या घरात बसलेले दिसले. हे उठले आणि त्यांनी दार सताड उघडले. मग पुन्हा भांड्यांसमोर जाऊन बसले. राजीनाम्याचा कागद त्यांनी कधी फाडला, मला माहीत नाही. तो मला परत मिळाला नाही.

त्यानंतर आमच्या समोर राहणाऱ्या मावशी एकदा आल्या आणि उघड्या दारातून सगळे पाहून अम्मांना म्हणाल्या, "यात लाजायचे काय? आमच्या जनाबाईला दळू लागायला तर विठ्ठल यायचा, असे आम्ही मानतो." संत जनाबाई याच गंगाखेडच्या. गोदावरीच्या काठी त्यांचे मंदिर आहे आणि जात्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे. आपली श्रद्धा निराळी, पण मावशींचे म्हणणे अम्मांना आणि मला नेमके पोचले. दळणाऱ्या बाईचे दुःख शेजाऱ्याच्या घरीही तेच असते.

मला मात्र त्या वेळी आणखी एक जाते आठवले. ते आपल्या सर्वांना ठाऊक आहे. हजरत फातिमा (रजि.) यांच्या हाताला जाते ओढून घट्टे पडले होते. घरकामाला एखादा सेवक मिळावा म्हणून त्या आपल्या वडिलांकडे, प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याकडे गेल्या. भेट झाली नाही, तेव्हा हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडे निरोप ठेवून परतल्या. रात्री प्रेषित (सल्ल.) स्वतः लेकीच्या घरी आले आणि त्यांनी तिला व हजरत अली (रजि.) यांना झोपण्यापूर्वी ३३ वेळा सुबहानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणायला शिकवले. सेवकापेक्षा हे उत्तम, असे सांगितले. ही तस्बीह आपण लहानपणापासून पढतो, पण ती जात्याच्या घट्ट्यांवरून आली आहे, हे विसरून जातो. दुसरी गोष्टही आपण विसरतो. प्रेषित (सल्ल.) घरात काय करत, असे विचारल्यावर हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजसाठी बाहेर पडत. ही हदीस सहीह बुखारीत आहे. मग भांडी घासताना दार लावायची शिकवण आपण कुठून आणली?

माझ्या भावाने इतिहासात एम.ए. केले आहे. त्याने सांगितले की आपल्या दख्खनमधल्या सूफींनी जात्यावर बसणाऱ्या बायकांसाठी दखनीत चक्कीनामे रचले होते, सूत कातणाऱ्यांसाठी चरखानामे रचले होते. दीनची गोष्ट दळता दळता बायकांच्या ओठी यावी, म्हणून. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरच्या १९७८ सालच्या पुस्तकात त्याबद्दल लिहिले आहे. मी हे अम्मांना सांगितले. त्या म्हणाल्या, "गाने तो सब ने दिए बेटा. हाथ तेरे ससरे ने दिया."

आता अम्मांचे मनगट बरे आहे, फक्त थंडीत दुखते. यांनी पीठ मळणे सोडलेले नाही आणि आता पाण्याचा अंदाज बरोबर येतो. आमच्यात भांडणे होत नाहीत असे नाही. डाळीचा कुकर रात्री तसाच राहिला की सकाळी आवाज चढतातच. माझ्या कमाईवर शरीयतने माझाच हक्क ठेवला आहे, हे यांनी पहिल्या पगारालाच बोलून दाखवले होते. त्यातून मी मुलीच्या नावाने थोडे बाजूला टाकते, घरात माझ्या मनाने देते आणि गेल्या ईदला अम्मांना नवा चष्मा केला. तो लावून त्यांनी आधी मुलीचा चेहरा न्याहाळला आणि म्हणाल्या, "ये तो बिल्कुल अपने दादा पे गई!"

शुक्रवारी रात्री आमच्याकडे खिचडी, खट्टा आणि पापड असतो. हे दुकानातून येतात, हात भुशाने आणि साबणाने घासून धुतात, मी खट्ट्याला फोडणी देते. परवा अशाच वेळी घरघर ऐकू आली. बघते तर मुलगी जात्याचा खुंटा दोन्ही हातांनी ओढते आहे आणि फेरा पुरा होत नाही. अम्मांनी आपला हात तिच्या हातावर ठेवला, हेही जाऊन बसले. तिघांनी मिळून रिकामे जाते फिरवले. आवाज बाहेर रस्त्यापर्यंत जात होता. दार उघडेच होते.

भगिनींनो, हातभार मागायला लाजू नका. आणि भावांनो, तुम्ही तो देत असाल, तर दार लावू नका. तुमची मुले बघतील, शेजारी बघतील. बघू देत. अल्लाहने आमच्या अब्बांना त्या पहाटेच्या दळणाचा अज्र द्यावा, आमीन.