अंजिराच्या पानाचा वास

अंजिराचं फळ वासाच्या बाबतीत तसं अबोल. पिकलेलं फोडून नाकाशी धरलं तरी किंचित मधाळ, एवढंच. वास असतो तो झाडाला. पानाला, चिकाला, सालीला. सासवडजवळच्या आजोळी अंजिराचा मीठा बहार नेमका माझ्या उन्हाळ्याच्या सुट्टीतच यायचा, म्हणून हे मला लहानपणीच कळलं. दुपारी पानं तापली की ओल्या खोबऱ्यासारखा, हिरवट-कडसर दरवळ थेट बांधापर्यंत यायचा. तोडणी मात्र पहाटे. मामी पोलक्यावर मामाचा जुना सदरा चढवून बाह्या मनगटापर्यंत ओढायची, कारण चीक लागलेल्या हातावर ऊन पडलं की कातडी भाजून निघायची. पाटीत खाली पानं, मग फळं, वर पुन्हा पानं.

लग्नानंतर बंगळूरला, जयनगरात आले. चौथ्या ब्लॉकच्या बाजारात अंजीर मिळतं, पण पानाविना. मला ते अर्धंच वाटे.

मग लेकीनं ‘फिलोसिकोस’ नावाचं अत्तर आणलं. मनगटावर फवारलं आणि आधी मोडलेला देठ, मग खोबरं, मागाहून कोरडं लाकूड! ओलिव्हिया जियाकोबेटी या फ्रेंच अत्तरकर्तीनं 1994 मध्ये ‘प्रेमिए फिगिए’ घडवलं, तेव्हा फळ नव्हे, अख्खं झाड बाटलीत आलं. 1996 चं ‘फिलोसिकोस’ही तिचंच, ग्रीसमधल्या पेलियन डोंगरावरच्या उन्हाळ्याच्या आठवणींवर बेतलेलं. हा हिरवेपणा येतो स्टेमोन नावाच्या रसायनातून आणि खोबरं गॅमा-ऑक्टालॅक्टोनमधून. अंजिराच्या पानाचा अर्क अत्तरात वापरायला ‘इफ्रा’ या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेची मनाई आहे. त्यातली फ्युरोकुमरिनं उन्हात त्वचा भाजतात. हे वाचलं आणि मामीचा तो सदरा डोळ्यांपुढे आला. प्रयोगशाळेत ठरलेलं तिच्या हातांना आधीच ठाऊक होतं.

आजोळच्या पुरंदर भागातल्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते फळाला. पानाकडेही कुणी जाणत्या अत्तरवाल्यानं वळावं, असं मला मनापासून वाटतं. पेलियनचं झाड फार सौम्य आहे. आमच्याकडच्या वासात तापलेली माती हवी, पाटीचा बांबू हवा, नुकतं पाणी दिलेलं आळं हवं.

तोवर आजोळहून आणलेली छाटणीची काडी गच्चीवर कुंडीत लावली आहे. जयनगरच्या मवाळ हवेत ती छान फुटली, पण दरवळते एप्रिलच्या दुपारीच. लेक म्हणते, बाटलीतल्यापेक्षा हा वास कडू आहे. आहेच. मला तोच हवा होता.